टायरमधले मणी: घरी बॅलन्सिंग करावं का, कधी आणि कसं?

आजचा धडा दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांना आपल्या बाइकचं चाक घरीच बॅलन्स करायचंय. दोन, ज्यांचं टायरचं, पंक्चरचं किंवा सर्व्हिसिंगचं छोटं दुकान आहे आणि हे काम नवीन सेवा म्हणून सुरू करायचंय. विषय दोघांचा एकच: टायरच्या आत टाकायचे बॅलन्सिंग बीड्स.

बीड म्हटलं की आपल्याला आधी जिल्हा आठवतो. टायरवाल्याला टायरची कड आठवते, कारण रिमवर बसणाऱ्या त्या जाड कडेलाही बीडच म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे आत टाकायच्या गोळ्यांना मी 'मणी' म्हणेन आणि त्या कडेला 'कड'.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. मणी ही फसवणूक नाही, पण ते ठरावीक वेगाच्या वरच कामाला लागतात. आणि हँडल थरथरण्याची निम्मी कारणं अशी असतात, ज्यांच्यावर मण्यांचा काडीचाही उपयोग नसतो. म्हणून क्रम असा: आधी तपास, मग साधा उपाय, मग मणी.

चाक थरथरतं तेव्हा काय होतं?

घरातल्या पंख्याचं एक पातं थोडं जड झालं की पंखा डोलायला लागतो. चाकाचंही तेच. नाहूर-भांडुपच्या माणसाला टायर काही नवा नाही. सिएटचा भांडुपचा कारखाना आपल्या शेजारीच आहे. इटलीतल्या तुरिनमध्ये १९२४ साली सुरू झालेली ही कंपनी १९५८ मध्ये भारतात आली. पण टायर कुठल्याही कारखान्यातला असो, तो रबर, धागे आणि तारांचे थर एकावर एक चढवून बनतो. थर जिथे जोडले जातात तिथे काही ग्रॅमचा फरक राहतोच. त्यात रिमचा स्वतःचा फरक आणि वॉलचं वजन मिळवा. म्हणूनच बऱ्याच नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सगळ्यात हलकी जागा. ती वॉलसमोर आली की अर्धं बॅलन्सिंग फुकटात झालं. टायर बदलताना एवढं तरी बघून घ्या.

आता फरक लागतो किती? १५०-१६० सीसीच्या बाइकला पुढे १०० बाय ८०, १७ इंची टायर धरा. रिमवर एका बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत असं समजा. २० ग्रॅम म्हणजे हातात धरलं तर जाणवणारही नाही. पण ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला १२ फेऱ्या मारतं, आणि तेच २० ग्रॅम एक्सलला साधारण सव्वादोन किलोच्या जोराने ओढतात. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला १२ वेळा. ताशी ४० ला हाच जोर अर्धा किलोच्या थोडा वर असतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौपट कमी होतो. म्हणून चाकाचा असमतोल गल्लीत जाणवत नाही, हायवेवर जाणवतो.

मणी काम कसं करतात?

घरी वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन असेल तर टबच्या वरच्या कडेची प्लास्टिकची जाड रिंग बघा. ती पोकळ असते आणि आत मिठाचं पाणी असतं. कपडे एका बाजूला गोळा झाले तरी वेगात फिरताना ते पाणी समोरच्या बाजूला सरकतं आणि टब शांत होतो. टायरमधले मणी याच तत्त्वावर चालतात. चिनी मातीचे किंवा काचेचे, मोहरीच्या दाण्याएवढे, गुळगुळीत.

ताशी सहा-सात किलोमीटरच्या पुढे मणी टायरच्या आतल्या भिंतीला चिकटून फिरायला लागतात. पण चिकटले म्हणजे बॅलन्स झाला असं नाही. वेग पुरेसा वाढला की चाक एक्सलभोवती फिरण्याऐवजी स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती फिरू बघतं. हा मध्य जड बाजूकडे सरकलेला असतो. म्हणजे हलकी बाजू फिरण्याच्या केंद्रापासून किंचित लांब पडते. मणी नेहमी सगळ्यात लांबच्या जागेकडे धाव घेतात, म्हणजे आपोआप हलक्या बाजूला जमतात.

हे सगळं 'वेग पुरेसा असला की' यावर अवलंबून आहे. पुरेसा म्हणजे किती? शॉकअपवर टांगलेल्या चाकाची स्वतःची एक डोलण्याची लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाच्या फेऱ्या त्या लयीच्या वर गेल्या की मणी योग्य बाजूला जातात. खाली असतील तर ते नुसते पसरून राहतात, किंवा उलट जड बाजूकडे सरकतात. आता आपल्या टायरचा हिशेब लावा:

ताशी ४० ला सेकंदाला ६ फेऱ्या.
ताशी ८० ला १२ फेऱ्या.
ताशी १०० ला १५ फेऱ्या.

म्हणजे एलबीएस मार्गावर भांडुप ते मुलुंड चेकनाका या प्रवासात मणी हे २८ ग्रॅमचे प्रवासी आहेत, कामगार नाहीत. मुंबईच्या बाइकवाल्याला सलग वेग मिळतोच कुठे? पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. उरतात मोकळे हायवे, ठाणे सोडल्यावरचा नाशिक रस्ता वगैरे. तिथे नेहमी जाणारा माणूस हा मण्यांचा खरा ग्राहक.

आधी तपास: थरथर कुठून येते?

मणी मागवण्याआधी ही यादी करा. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

हवा. टायर थंड असताना मोजा आणि चेन कव्हरवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. अंदाजे 'तीस-बत्तीस टाका' चालणार नाही.

थरथर वेगावर आहे की इंजिनवर? एकाच वेगाला गिअर बदलून बघा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनची आहे, चाकाची नाही.

फक्त ब्रेक मारताना हँडल हलतं? डिस्क प्लेट वाकलेली असू शकते. ब्रेक बघा.

वेग कमी होताना, ताशी ५० वरून ४० वर येताना हँडल हलतं? कोनसेट ढिला असू शकतो, किंवा पुढचा टायर पायऱ्या पडल्यासारखा झिजलेला असतो. पुढचं चाक उचलून फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. 'टक' असा आवाज आला तर आधी कोनसेट.

चाक उचलून हाताने फिरवा आणि रिमजवळ खडू धरा. अंतर कमी-जास्त झालं तर रिम आउट आहे. टायरच्या कडेजवळची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. नसेल तर टायर नीट बसलेलाच नाही.

टायरचं वय. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर जुना, कडक झालेला किंवा फुगा आलेला असेल तर त्याला बॅलन्स नको, बदली हवी. फुगा आलेल्या टायरवर मणी विकणं म्हणजे ग्राहकाच्या जिवाशी खेळ आहे.

हे सगळं ठीक निघालं आणि थरथर एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येत असेल, समजा ७० ते ९०, तर तो असमतोल. आता पुढे चला.

साधा उपाय: चिकटवायची वजनं

बाइकचं चाक अरुंद असतं, म्हणून त्याला मोटारीसारखं मशीन लागतंच असं नाही. चाक काढा, एक्सल परत आत सरकवा आणि एक्सलची दोन्ही टोकं सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवा. चाक हळूच फिरवून सोडा. थांबल्यावर जी बाजू खाली येईल ती जड. खडूने खूण करा. असं तीन वेळा करा. तिन्ही वेळा तीच बाजू खाली आली तर समोरच्या बाजूला, बरोबर वर, पाच ग्रॅमचं वजन आधी टेपने लावून बघा. चाक कुठेही सोडलं तरी जागच्या जागी थांबलं की झालं. मग रिम थिनरने पुसून, कोरडी करून वजन पक्कं चिकटवा.

हे कुठल्याही वेगाला काम करतं, डोळ्यांना दिसतं आणि पडलं तर कळतं. शहरात चालणाऱ्या बाइकला माझ्या मते हेच पुरेसं आहे. याची एकच अडचण: टायर झिजत जातो तशी जड बाजू बदलते, आणि वजन तिथल्या तिथेच राहतं. लांबच्या प्रवासात मण्यांचा फायदा नेमका इथे आहे. ते दर वेळी नव्याने जागा शोधतात.

घरी मणी भरायची पद्धत

काय लागेल: मोटारसायकलसाठी बनवलेले मणी, वॉलची पिन काढायचा छोटा पाना, जाळीवाली नवीन पिन (चांगल्या पाकिटात सोबत येते), मऊ नळी लावलेली बाटली, पंप, प्रेशर गेज आणि डोळ्यांवर चष्मा. माप साधारणपणे पुढच्या चाकाला १ औंस म्हणजे २८ ग्रॅम आणि मागच्याला २ औंस म्हणजे ५६ ग्रॅम असतं. तरीही पाकिटावरचा तक्ता शेवटचा शब्द. जास्त टाकले म्हणजे जास्त बॅलन्स असं नसतं.

१. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, चाक अधांतरी हवं. हवा काढलेल्या चाकावर गाडी एक पाऊलही ढकलू नका. कड रिमवरून सुटली तर घरचा पंप ती परत बसवू शकत नाही, कंप्रेसरच लागतो.

२. जुनी चिकटवलेली वजनं काढा.

३. चाक फिरवून वॉल तळाला, किंचित बाजूला आणा. घड्याळात साडेपाच वाजता तास-काटा असतो तिथे. इथे वॉलचं तोंड वर येतं, म्हणजे मणी सरळ खाली पडतात आणि वॉलखाली ढीग होत नाही.

४. पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या.

५. नळी वॉलवर घट्ट बसवा, बाटली उलटी करा आणि हलक्या टिचक्या मारत राहा. घाई केली की मणी नळीत अडकतात. बाटली, नळी, हात, सगळं कोरडं हवं.

६. नळी काढण्याआधी बाटली दाबून हवेचा एक फुंकर मारा, म्हणजे वॉलमध्ये राहिलेला दाणा आत जाईल. आटे फडक्याने पुसा. आट्यात एक दाणा राहिला तरी पिन बसत नाही आणि हवा गळते.

७. जाळीवाली पिन बसवा. हाताने बसेल एवढीच, जोर लावू नका. हवा मापात भरा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, टोपी लावा.

८. आधी गल्लीत एक चक्कर, ब्रेक बघा. मग मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत. फरक कळायला चार-पाच किलोमीटर सलग चालवावं लागतं.

यापुढे हवा तपासताना मात्र वॉल वरच्या बाजूला आणा. मणी तळाला बसतात, पिनेजवळ येत नाहीत.

पावसाळा, जेल आणि जुगाड

मुंबईत मण्यांचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. ओले मणी गुठळी करून एका जागी चिकटले की तुम्ही पैसे देऊन नवा असमतोल विकत घेतला. जुलैत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. दुकानदाराने रोज सकाळी टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढायलाच हवं. घरी हवा कोरड्या दिवशी भरा.

टायरमध्ये पंक्चर जेल असेल तर मणी टाकू नका. जेलमध्ये मणी रुततात, संपला विषय. दोन्हींपैकी एक निवडा.

आणि जुगाड: सायकलचे लोखंडी छर्रे टाकू नका, ओलाव्यात गंजतात आणि टायरचा आतला थर घासतात. वाळू नको. साबुदाणाही नको, आतल्या आत खिचडी होईल.

दुकानदारांनो, आता आपला हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा भाडं, पगार, वीज धरून दुकानाचा रोजचा खर्च ३,००० रुपये आणि काम १० तास. म्हणजे मिनिटाला ५ रुपये. मण्यांची जोडी ६०० ला पडली, भरून देऊन ९०० घेतले. मार्जिन ३०० दिसतं. पण ४० मिनिटं गेली, म्हणजे २०० रुपये. हातात राहिले १००.

आता तीन गिऱ्हाइकांपैकी एक जण 'अजून थरथरतं' म्हणून परत आला, कारण दोष कोनसेटमध्ये होता. त्याच्यावर ३० मिनिटं फुकट, म्हणजे १५० रुपये. तीन कामांचे ३०० मिळाले, त्यातले १५० गेले, आणि वेळ लागला एकूण १५० मिनिटं. मिनिटाला एक रुपया.

चिकटवायच्या वजनांचं बघा. समजा माल २० रुपयांचा, वेळ २५ मिनिटं म्हणजे १२५, आणि घेतले २००. उरले ५५. मिनिटाला दोन रुपयांच्या वर. दिसायला छोटं काम, पण कमाई दुप्पट. मार्जिन वस्तूवर मोजू नका, मिनिटावर मोजा.

परत आलेला ग्राहक तरी सापडतो. जो परत येत नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'तिथे मणी घालून लुटतात' असं लिहितो, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही. म्हणून काउंटरवर तीन प्रश्न विचारल्याशिवाय मण्यांचं पाकीट बाहेर काढायचं नाही: रोज कुठे जाता? थरथर कितीच्या वेगाला येते? टायर बदलल्यापासून येते की आधीपासून? उत्तर 'स्टेशन ते ऑफिस' असेल तर हात जोडून सांगा, साहेब, तुम्हाला मण्यांची गरज नाही, वजनं लावून देतो. त्या दिवशी विक्री लहान झाली, पण तो माणूस पुढचा टायर तुमच्याकडेच घेईल.

एक काम मात्र सक्तीचं. मणी भरलेल्या चाकाच्या रिमवर वॉलशेजारी स्टिकर लावा: 'आत मणी आहेत, वॉल वर ठेवून पिन काढा.' कारण पुढचं पंक्चर तुमच्या दुकानासमोर होईलच असं नाही. कसाऱ्याला रस्त्याकडेला बसलेला पंक्चरवाला वॉल खाली ठेवून पिन काढेल आणि भरल्या हवेच्या जोराने मणी थेट त्याच्या डोळ्यात जातील. दोन रुपयांचा स्टिकर एका कारागिराचा डोळा वाचवतो. जॉबकार्डवरही तारीख आणि ग्रॅम लिहा. टायर उघडला की मणी पातेल्यात गोळा करून, कोरडे असतील तर परत वापरता येतात, हेही ग्राहकाला सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

बाइकवाल्यांनी: हवा, टायरची तारीख आणि कोनसेट, एवढ्या तीन गोष्टी रविवारी सकाळी तपासा आणि वहीत लिहा. मणी मागवायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.

दुकानदारांनी: आपल्या दुकानाचा एका मिनिटाचा खर्च काढा आणि तो आकडा काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग गेल्या महिन्यातली पाच कामं घ्या आणि प्रत्येकाची मिनिटाला कमाई काढा. कुठलं काम आपल्याला पोसतंय आणि कुठलं नुसतं पळवतंय, ते तुम्हालाच दिसेल.

पुढच्या धड्यात स्टुलावरच्या बॅलन्सिंगसाठी लोखंडी स्टँड घरच्या घरी कसा बनवायचा, मापांसकट बघू. तोवर हवा मापात ठेवा.